पी. जी. वुडहाउस यांच्या सहीच्या पहिल्या आवृत्त्या : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लिश विनोदी कादंबरीकार वुडहाउस यांनी रंगवलेले जीव्ह्ज, बर्टी वूस्टर, ब्लँडिंग्ज कॅसल आणि लॉर्ड एम्सवर्थची लाडकी डुकरीण यांच्यावर जीव टाकणारी घरं महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. आजोबांनी पेंग्विनची पुस्तकं घेतली, नातवंडांनी ती सुटी होईपर्यंत वाचली. त्यांतल्याच कोणाला तरी एक दिवस वाटतं, की वुडहाउसनी स्वतः सही केलेलं एखादं पुस्तक आपल्या कपाटात असावं. त्या वाटेवर जे प्रश्न हमखास पडतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. सगळ्या उत्तरांच्या मुळाशी माझं ठाम मत एकच आहे : आधी आवृत्ती ओळखायला शिका, मग सहीच्या मागे लागा. उलट क्रमाने जाणारा हमखास फसतो.

पहिली आवृत्ती नेमकी कशाला म्हणायची?

संग्राहकांच्या बोलण्यात पहिली आवृत्ती म्हणजे पहिल्या आवृत्तीचं पहिलं मुद्रण. त्याच खिळ्यांवरून सहा महिन्यांनी पुन्हा छापलेला गठ्ठा बाजारात पहिल्या आवृत्तीचा मानला जात नाही. मराठी पुस्तकांत ‘आवृत्ती पहिली’ आणि ‘पुनर्मुद्रण’ अशा ओळी श्रेयनामावलीच्या पानावर वाचायची आपल्याला सवय असते. वुडहाउसच्या इंग्लिश प्रकाशकांच्या बाबतीत ती सवय पुरत नाही, कारण बऱ्याच पुस्तकांत अशी सरळ ओळच नसते.

इंग्लंडची प्रत घ्यावी की अमेरिकेची?

वुडहाउस दोन्ही देशांत लिहीत होते, दोन्हीकडे छापले जात होते आणि कित्येकदा दोन्हीकडे पुस्तकाचं नावही वेगळं असायचं. ‘राइट हो, जीव्ह्ज’ ऑक्टोबर १९३४ मध्ये लंडनला हर्बर्ट जेनकिन्सने काढलं. तेच पुस्तक त्याच महिन्यात अमेरिकेत लिटल, ब्राउनने ‘ब्रिंकली मॅनर’ नावाने काढलं. ‘समर लाइटनिंग’ १९२९ चं, पण अमेरिकेत ते ‘फिश प्रिफर्ड’ म्हणून काही दिवस आधी बाहेर पडलं. १९१५ ची ब्लँडिंग्जची पहिली कादंबरीही आधी अमेरिकेत ‘समथिंग न्यू’ म्हणून आली आणि मग लंडनला ‘समथिंग फ्रेश’ झाली. ‘जॉय इन द मॉर्निंग’ तर अमेरिकेत १९४६ साली आलं आणि इंग्लंडला १९४७ उजाडलं.

काटेकोर हिशोब करायचा तर जी आधी आली ती पहिली. पण बहुतेक संग्राहक लेखकाच्या मायदेशातली प्रत पसंत करतात आणि जेनकिन्सच्या प्रतींना त्यामुळेच मान आहे. मला स्वतःला हा आग्रह अमेरिकन प्रतींवर अन्याय करणारा वाटतो. उत्तम अवस्थेतली अमेरिकन प्रत पुष्कळदा निम्म्याहून कमी किमतीत मिळते, आणि वुडहाउसच्या आयुष्याचा मोठा काळ तिकडेच गेला. दोन्हींतलं काय जमवायचं ते सुरुवातीलाच ठरवा, म्हणजे पैसे फुटत नाहीत.

हर्बर्ट जेनकिन्सची पहिली प्रत ओळखायची कशी?

हा सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

१९१८ च्या ‘पिकॅडिली जिम’पासून पुढे अनेक दशकं वुडहाउसचे इंग्लंडमधले मुख्य प्रकाशक हर्बर्ट जेनकिन्स. ही मंडळी धडाधड पुनर्मुद्रणं काढत, आणि वरवर पाहता पुनर्मुद्रण आणि पहिली प्रत सारखीच दिसते. तारीख कधी असते, कधी नसते. तेव्हा शीर्षकपानाच्या आसपास ‘याच लेखकाची इतर पुस्तकं’ अशी यादी असते, तिच्याकडे बघायचं. समजा, तुमच्या हातात ‘समर लाइटनिंग’ आहे. कापड जुनं, कागद जुना, विक्रेता छातीठोकपणे सांगतोय की १९२९ ची पहिली आहे. यादीवरून बोट फिरवत खाली या. तिथे ‘हेवी वेदर’ दिसलं, तर विषय संपला. ‘हेवी वेदर’ १९३३ चं आहे, म्हणजे ही प्रत त्यानंतरच छापलेली. नंतरच्या पुस्तकाचं नाव यादीत असेल, तर ती पहिली प्रत असूच शकत नाही.

उलट मात्र खरं नाही. यादीत नंतरचं नाव नाही, एवढ्यावरून प्रत पहिली ठरत नाही, कारण पहिल्या वर्षातच दुसरं-तिसरं मुद्रण निघालेलं असू शकतं. त्यासाठी कापडाचा रंग, मागच्या जाहिरातींची पानं, छापखान्याची ओळ हे सगळं ताडून पाहावं लागतं. पुनर्मुद्रणांत नारिंगी कापड फार दिसतं, त्यामुळे नारिंगी दिसलं की सावध व्हा.

जॅकेट म्हणजे पुस्तकावरचं सुटं कागदी वेष्टण. ते असेल तर त्याच्या कण्यावरची किंवा आतल्या घडीवरची किंमत बघा. १९२० आणि ३० च्या दशकांत नवी कादंबरी साडेसात शिलिंगला असे आणि ते ७/६ असं छापलेलं असे. २/६ म्हणजे अडीच शिलिंग दिसलं, तर ते स्वस्त आवृत्तीचं जॅकेट. कधीकधी पुस्तक पहिलं आणि जॅकेट पुनर्मुद्रणाचं, अशी जोडी लावून विकतात. जॅकेटच्या मागच्या बाजूला कोणत्या पुस्तकांची जाहिरात आहे, तेही त्याच पद्धतीने तपासा.

अंतिम दाखला मात्र सूचीचा. आयलीन मॅकइल्व्हेन, लुईस शर्बी आणि जेम्स हाइनमन यांनी केलेली वुडहाउसची समग्र सूची १९९० साली निघाली. चांगले विक्रेते वर्णनात ‘मॅकइल्व्हेन’ लिहून पुढे क्रमांक देतात. तो क्रमांक दिलेला नसेल, तर मागा. देता येत नसेल, तर विक्रेत्याने स्वतः तपासलेलं नाही असं समजा.

अमेरिकन प्रतींचं काय?

त्या मानाने सोपं. डबलडे, डोरनच्या प्रतींत कॉपीराइटच्या पानावर ‘फर्स्ट एडिशन’ अशी ओळ असते, सायमन अँड शुस्टरच्या प्रतींत ‘फर्स्ट प्रिंटिंग’. बुक क्लबच्या, म्हणजे सभासदांसाठी स्वस्तात छापलेल्या, प्रती मात्र हुबेहूब दिसतात. कागद हलका आणि जॅकेटच्या घडीवर किंमत नाही, असं असेल तर ती बहुधा क्लबची.

सही कशी असते? कुठे असते?

अनोळखी वाचकासाठी पूर्ण ‘पी. जी. वुडहाउस’, बहुधा सुरुवातीच्या कोऱ्या पानावर किंवा शीर्षकपानावर. जवळच्या माणसांसाठी ‘प्लम’. पेल्हम या नावाचं ते घरगुती रूप. ‘प्लम’ अशी सही असेल तर ज्याला पुस्तक दिलं, तो त्यांचा मित्र किंवा नातेवाईक होता का, हे शोधायलाच हवं. ते सापडलं तर पुस्तकाचं मोल कितीतरी वाढतं. नाही सापडलं, तर शंकेला जागा राहते.

आजच्यासारखं दुकानात टेबल मांडून शेकडो प्रतींवर सह्या करण्याची पद्धत त्यांच्या उमेदीच्या काळात रूढ नव्हती. पुष्कळशा सह्या टपालाने झाल्या. ते वाचकांच्या पत्रांना स्वतः उत्तरं देत. लाँग आयलंडवरच्या रेम्झेनबर्गच्या घरी जगभरातून पत्रं येत, आणि टाइप केलेल्या उत्तराखाली पेनाने सही होत असे. म्हणूनच १९५० ते ७० च्या दशकांतल्या सह्या बाजारात जास्त दिसतात, आणि १९२० च्या दशकात त्याच वेळी सही केलेली प्रत फार क्वचित.

सही खरी आहे हे कसं ओळखू?

अक्षर जुळतं की नाही, हे सगळे बघतात. मी आधी तारीख, गाव आणि शाई बघतो.

वुडहाउसचं आयुष्य तारखांसकट नोंदलेलं आहे. १९३० मध्ये ते मेट्रो-गोल्डविन-मेयर या चित्रपट कंपनीच्या करारावर हॉलिवूडला गेले. पुढे फ्रान्समध्ये ल तुकेला राहिले. १९४० मध्ये जर्मनांनी त्यांना तिथेच पकडलं आणि स्थानबद्ध केलं. सुटकेनंतर ते बर्लिन आणि पॅरिसमध्ये होते. १९४७ मध्ये अमेरिकेला गेले. १९३९ च्या उन्हाळ्यानंतर त्यांनी इंग्लंडच्या भूमीवर पुन्हा कधी पाऊल ठेवलं नाही. आता एखाद्या प्रतीवर ‘लंडन, १९५५’ असं लिहून खाली सही असेल, तर अक्षर कितीही हुबेहूब असो, ती प्रत खाली ठेवा.

शाईचंही तसंच. बॉलपेन अमेरिकेत विक्रीला आलं १९४५ च्या अखेरीस. सहीखाली १९२६ अशी तारीख आणि रेघ मात्र बॉलपेनची, हे शक्य नाही. लक्षात घ्या, जुन्या पुस्तकावर बॉलपेनची सही असण्यात काहीच वावगं नाही. एखाद्याने १९२५ चं पुस्तक १९६५ मध्ये सहीसाठी पाठवलेलं असू शकतं. खोटेपणा उघडा पडतो तो जुन्या तारखेमुळे.

मग भिंग घ्या. दहा पट मोठं दाखवणारं, घड्याळजी वापरतात तसलं. फाउंटन पेनची शाई कागदाच्या तंतूंत शिरते, रेघ जिथे थांबते तिथे थोडी साचून गडद होते. बॉलपेन कागदावर खाच पाडतं. पानाच्या मागच्या बाजूने बोट फिरवलं तर ती कळते. छापलेली सही भिंगाखाली एकसारखी सपाट दिसते किंवा तिचे ठिपके ठिपके होतात. शिवाय हाताचा वेग बघा. आयुष्यभर सही करणारा माणूस न थांबता सही करतो, नक्कल करणारा मध्ये मध्ये थांबतो, आणि तिथे रेघ कापते. तुलना करायची ती त्याच दशकातल्या सहीशी. विशीतल्या माणसाचं आणि नव्वदीतल्या माणसाचं अक्षर सारखं नसतं. मोठ्या लिलावगृहांच्या जुन्या लिलावांची छायाचित्रं पाहायला मिळतात, त्यांवर नजर तयार करा.

विक्रेता ‘सर्टिफिकेट’ देतो आहे. पुरे का?

नाही. कोणीही छापू शकतो असा तो कागद असतो. विचारायचं ते एवढंच : सही खोटी निघाली तर पैसे परत देणार का, आणि ते लेखी देणार का? आयएलएबी या आंतरराष्ट्रीय ग्रंथविक्रेता संघाचे सदस्य असलेले विक्रेते आपल्या वर्णनाची जबाबदारी घेतात. तिथे थोडे जास्त पैसे जातात, आणि ते द्यावेत असं माझं मत आहे.

नुसती सही चांगली की ‘अमुक यांस’ असं लिहिलेली?

बाजारात नवखे लोक नुसती सही मागतात, कारण दुसऱ्याचं नाव आपल्या पुस्तकावर नको वाटतं. मला हे पटत नाही. नाव, तारीख आणि दोन शब्द लिहिलेली प्रत ही एका खऱ्या देण्याघेण्याची खूण असते. तिची शहानिशा करता येते, आणि नक्कल करणाऱ्याला तितकी जास्त अक्षरं घडवावी लागतात. एवढ्या एका कारणासाठीही ती जास्त विश्वासाची.

ते नाव ओळखीचं निघालं तर मग विचारूच नका. शाळासोबती विल्यम टाउनएंड, ज्यांना लिहिलेल्या पत्रांतून १९५३ चं ‘परफॉर्मिंग फ्ली’ उभं राहिलं. नाटकांतले सहकारी गाय बोल्टन. आणि लेक लिओनोरा. १९२६ च्या ‘द हार्ट ऑफ अ गूफ’ची अर्पणपत्रिका तिच्या नावे आहे. तिची सततची सहानुभूती आणि प्रोत्साहन नसतं तर हे पुस्तक निम्म्या वेळात पुरं झालं असतं, असं बापाने तिच्याबद्दल त्यात लिहून ठेवलं आहे. ही लेक १९४४ मध्ये अकाली गेली. ते कळल्यावर त्या ओळीचं हसू घशात अडकतं. अशा माणसांना दिलेल्या प्रती आपल्या आवाक्यात येणं कठीण, पण त्या कुठे आहेत याचा माग ठेवण्यातही संग्राहकाला सुख असतं.

सही चिठ्ठीवर आहे आणि ती पुस्तकात चिकटवली आहे. घ्यावी का?

घ्यावी, पण सुट्या सहीच्या भावात. वहीतून कापलेली सही एका चांगल्या प्रतीत डकवून ‘सहीची पहिली आवृत्ती’ म्हणून विकणं, हा जुना धंदा आहे. सही खरी असते, प्रत खरी असते, फक्त लेखकाचा हात त्या प्रतीला कधी लागलेला नसतो. कडेला डिंकाची पुसट रेघ, कागदाचा वेगळा रंग यांवरून ते लगेच कळतं. त्यापेक्षा सहीचं पत्र वेगळं घ्या आणि पहिली आवृत्ती वेगळी. दोन्ही मिळून बरेचदा स्वस्त पडतं.

जॅकेट नसेल तर?

दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या पुस्तकांची जवळजवळ सगळी किंमत जॅकेटमध्ये असते. पण वाचणाऱ्यांनी जॅकेट फेकून दिलं म्हणूनच ती दुर्मीळ झाली. जॅकेटविना, घट्ट बांधणीची, स्वच्छ पानांची सहीची प्रत मिळाली तर मी ती आनंदाने घेईन. नंतर छापलेलं नकली जॅकेट चढवलेलं असेल, तर तसं स्पष्ट सांगितलं आहे ना, एवढं बघा.

खर्चाची मर्यादा आहे. सुरुवात कुठून करू?

शेवटून. १९६० आणि ७० च्या दशकांतल्या कादंबऱ्या मोठ्या संख्येने छापल्या गेल्या, जॅकेटसकट टिकल्या, आणि त्याच काळात सह्याही जास्त झाल्या. त्यांनी पूर्ण केलेली शेवटची कादंबरी ‘आन्ट्स आरन्ट जंटलमेन’ ऑक्टोबर १९७४ मध्ये बॅरी अँड जेनकिन्सने काढली. १९७५ च्या नववर्षाला त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला आणि १४ फेब्रुवारीला ते गेले. म्हणजे या पुस्तकावर सही करायला त्यांना जेमतेम चार महिने मिळाले. बिनसहीची प्रत सहज मिळते, सहीची दिसली तर दोनदा तपासा. १९७७ चं ‘सनसेट अॅट ब्लँडिंग्ज’ अपूर्ण राहिलेलं आणि मरणोत्तर निघालेलं आहे, त्यावर सही असणारच नाही.

सगळ्यांत दुर्मीळ कोणतं?

सुरुवातीच्या शालेय कथा. १९०२ चं पहिलं पुस्तक ‘द पॉटहंटर्स’ ए. अँड सी. ब्लॅकने काढलं, निळ्या कापडावर चंदेरी करंडक. १९०८ चं ‘द ग्लोब बाय द वे बुक’ कागदी वेष्टणातलं, वाचून टाकून देण्यासाठीच काढलेलं, म्हणून आज दिसतच नाही. १९१९ चं ‘माय मॅन जीव्ह्ज’ न्यून्सने पहिल्या महायुद्धानंतरच्या हलक्या कागदावर छापलं. पानं उलटतानाच कडा तुटतात. यांच्या सहीच्या प्रती संस्थांच्या किंवा बड्या संग्रहांच्याच. सूचिकार हाइनमन यांचा संग्रह १९९८ मध्ये न्यूयॉर्कला लिलावात गेला. तिथून आलेल्या प्रतींचा मागोवा घेता येतो, हा त्यांचा मोठा गुण.

मुंबई-पुण्यात काही मिळतं का?

फाउंटनच्या फुटपाथवर, अप्पा बळवंत चौकात, रद्दीवाल्याकडे वुडहाउस भरपूर मिळतो. आयोनिकस या चित्रकाराची चित्रं असलेले पेंग्विन तर ढिगाने. त्यांत पहिली आवृत्ती क्वचित. जुनी जेनकिन्स मिळाली तर ती बहुधा पुनर्मुद्रण, आणि बहुधा एखाद्या वाचनालयाचा शिक्का मारलेली. जर्मनीतल्या लायपझिगच्या टाउख्निट्झ या प्रकाशकाची कागदी बांधणीची पुस्तकंही कधी हाती लागतात. देखणी असतात, पण पहिली आवृत्ती नव्हेत.

तरीही बघत राहा. जुन्या पारशी, ब्रिटिश किंवा सरकारी अधिकाऱ्यांच्या घरांतली कपाटं रिकामी होतात, तेव्हा नशीब उघडतं. पुठ्ठ्याच्या आत कोपऱ्यात थॅकर किंवा तारापोरवाला या मुंबईच्या पुस्तकविक्रेत्यांचं इवलंसं लेबल असेल तर ते काढू नका. पुस्तक नवं असतानाच मुंबईत आलं, याचा तो पुरावा असतो. सही मात्र जवळजवळ नेहमी परदेशातूनच मागवावी लागते.

वुडहाउसचा पुण्याशी संबंध होता म्हणतात, खरं का?

त्यांचा नव्हे, त्यांच्या थोरल्या भावाचा. अर्नेस्ट आर्मिन वुडहाउस थिऑसॉफिस्ट होते, ऑक्सफर्डला कवितेचं न्यूडिगेट पारितोषिक मिळवलेले. ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात इंग्रजीचे प्राध्यापक होते. १९३६ मध्ये ते वारले. धाकट्या भावाने थोरल्याला सही करून दिलेली, येरवड्याच्या बाजूच्या त्या दगडी इमारतीत वाचली गेलेली एखादी प्रत कुठे निघाली, तर माझ्या लेखी तिच्यापुढे ‘पॉटहंटर्स’ही फिकं. पुण्यातल्या जुन्या संग्रहात ‘आर्मिन’ हे नाव दिसलं, तर पुस्तक हातातून सोडू नका.

परदेशातून मागवताना काय काळजी घ्यावी?

सहीच्या पानाचं, शीर्षकपानाचं, त्यामागच्या पानाचं आणि जॅकेटच्या दोन्ही घड्यांचं छायाचित्र आधी मागवा. नोंदणीकृत टपाल आणि विमा असल्याशिवाय पाठवू देऊ नका. कस्टम्सचा दर त्या वेळी काय आहे ते विचारून घ्या आणि पार्सलवर खरी किंमतच लिहायला सांगा. कमी किंमत लिहून थोडा कर वाचतो, पण पार्सल गहाळ झालं तर विमा त्या कमी किमतीचाच मिळतो.

आपल्या पावसाळ्यात ही पुस्तकं टिकवायची कशी?

कपाट बाहेरच्या भिंतीला लावू नका. जून ते सप्टेंबर ती भिंत ओल धरते, आणि पानांवर तपकिरी ठिपके तिथूनच येतात. आर्द्रता साधारण पन्नास टक्क्यांच्या आसपास राहील असं बघा. साधं आर्द्रतामापक स्वस्तात मिळतं. सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्या तर त्या वेळेवर बदला. डांबराच्या गोळ्या पुस्तकाला टेकवून ठेवू नका. दर पंधरा दिवसांनी कपाट उघडून पुस्तकं हलवली, तर कसर आणि वाळवी वेळेत दिसते. कसर खळ खाते, म्हणून ती आधी कण्याला आणि जॅकेटला लागते.

जॅकेटला पारदर्शक पॉलिएस्टरचं आवरण घाला, चिकटपट्टी न लावता. शाळेच्या वह्यांना घालतो ते प्लॅस्टिक नको, ते जॅकेटला चिकटतं. लॅमिनेशन तर मुळीच नको. फाटलेला कणा नाक्यावरच्या बाइंडरकडे देऊ नका. तो प्रेमाने नवा पुठ्ठा घालून कडा कापून देईल, आणि पहिली आवृत्ती तिथेच संपेल.

आधीच्या मालकाचं नाव खोडावं का?

नाही. कधीच नाही.

ही गुंतवणूक आहे का?

मी तसं सांगणार नाही. भाव वर जातात, खालीही येतात, आणि विकायला गेल्यावर विक्रेता आपला वाटा ठेवूनच किंमत देतो. ज्याला पुस्तक वाचायला आवडतं, त्यानेच यात पडावं.

माझ्यानंतर या पुस्तकांचं काय?

आजच एक वही करा. प्रत्येक प्रतीपुढे सूचीचा क्रमांक, कोणाकडून कधी घेतली, किती दिले, सहीत काय लिहिलं आहे, दोष कोणते, हे टिपून ठेवा. पावत्या आणि विक्रेत्याची पत्रं जपा, पण पुस्तकात ठेवू नका. पावतीचा आम्लयुक्त कागद शेजारच्या पानावर डाग पाडतो. घरातल्या एका तरी माणसाला ती वही दाखवून ठेवा आणि कोणाशी बोलायचं त्याचा पत्ता त्यातच लिहा. पुस्तकं घरात कोणी वाचणारं असेल तर त्यालाच द्या. नसेल, तर एकेक न विकता संग्रह एकत्र द्यायला सांगा, आणि वहीही सोबत जाऊ द्या.